लाल लुगडं, हिरवा तरवा आणि एकच करडा

जुलैचा दुसरा आठवडा. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी भाताची लावणी सुरू होती. पावसाने घटकाभर उसंत घेतली होती आणि आत्या वाकून तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली रोपं, काढत होती. अंगावर लाल लुगडं, भोवती दाट हिरवी रोपं. बांधावर उभं राहून मी फोटो घेतला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो असा झकास दिसला की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पुण्याला परतल्यावर वाटलं, हा फोटो ब्लॅक अँड व्हाइटच शोभेल. सॉफ्टवेअर उघडलं, 'ग्रेस्केल' दाबलं आणि आत्या शेतात विरघळून गेली.

चेहरा आणि दोन हात तेवढे तरंगत होते. लुगडं कुठे संपतं आणि तरवा कुठे सुरू होतो ते माझं मलाच कळेना. मग सगळे करतात तेच मीही केलं, कॉन्ट्रास्ट वाढवला. चेहरा काळवंडला, आभाळ पांढरंफटक झालं, लुगडं आणि शेत मात्र एकमेकांना धरून तसेच राहिले.

तो फोटो दुरुस्त करता करता जे कळत गेलं ते इथे लिहितो आहे. थोडं गणित येईल, पण वाण्याच्या हिशेबापलीकडचं नाही.

कॅमेरा मुळातच रंगांधळा

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे कोट्यवधी बारीक खळग्यांची जाळी. प्रत्येक खळगा एवढंच मोजतो, की आपल्यावर उजेड किती पडला. तो लाल होता की निळा, याचा त्याला पत्ता नसतो. मग रंग येतो कुठून? प्रत्येक खळग्यावर एक रंगीत टिकली बसवलेली असते: लाल, हिरवी किंवा निळी. ही मांडणी कोडॅक या फिल्म बनवणाऱ्या कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी सुचवली, १९७६ साली तिचं पेटंट मिळालं, आणि आजही बहुतेक कॅमेरे आणि फोन तीच किंवा तिचाच एखादा अवतार वापरतात. दर चार टिकल्यांमागे दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. हिरव्या दुप्पट, कारण उजेडाचा बारीक फरक आपल्या डोळ्याला त्याच पट्ट्यात सगळ्यात चांगला कळतो. लाल टिकलीखालच्या खळग्याने फक्त लाल मोजलेला असतो. तिथला हिरवा आणि निळा किती असेल ते शेजारच्या खळग्यांना विचारून अंदाजाने भरलं जातं.

थोडक्यात, कॅमेरा कृष्णधवलच बघतो, रंग हिशेबाने तयार करतो, आणि मग आपण तो पुन्हा काढून टाकायला बसतो. सगळा द्राविडी प्राणायाम. पण या प्राणायामाचा एक मोठा फायदा आहे: तुमच्या रंगीत फाइलीत एक नाही, तीन कृष्णधवल फोटो असतात. एक लाल काचेतून बघितलेला, एक हिरव्या, एक निळ्या.

हे तर रंगीत फोटोग्राफीच्या जन्मापासूनचं आहे. १८६१ साली लंडनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने चौकटीच्या कापडाच्या एका फितीचे तीन कृष्णधवल फोटो दाखवले. लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून घेतलेले. तीन प्रोजेक्टरांतून त्याच रंगांचा उजेड टाकून ते एकावर एक बसवले, आणि पडद्यावर रंगीत फीत उमटली. आपल्या खिशातला फोन आजही त्याच तीन चित्रांचा हिशेब करतो. फोटोशॉप किंवा जिंपसारख्या फोटोवर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चॅनल्स'ची पट्टी उघडून ही तीन चित्रं एकेक करून बघता येतात. ज्यांनी कधी बघितली नसतील त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी तेवढं करावं.

आत्या का हरवली

माझ्या फोटोतले आकडे सांगतो, हिशेबाला सोपे पडावेत म्हणून थोडे गोल करून. फाइलीत प्रत्येक रंगाची पायरी ० ते २५५ अशी मोजतात. ० म्हणजे मिट्ट काळोख, २५५ म्हणजे भरपूर उजेड. लुगड्याचा लाल: लाल १८०, हिरवा ४०, निळा ५०. तरव्याचा हिरवा: लाल ७०, हिरवा १००, निळा ४०.

'ग्रेस्केल' दाबल्यावर यातला कुठला आकडा वापरला जातो? तिन्ही, पण समान वाट्याने नाही. एक फार जुनं, दूरचित्रवाणीच्या काळातलं सूत्र आहे. लालचा सुमारे ३० टक्के, हिरव्याचा ५९ टक्के आणि निळ्याचा ११ टक्के वाटा घ्यायचा. पुढच्या काळातल्या सूत्रांमध्ये टक्के थोडे बदलले, पण हिरवा मोठा भाऊ आणि निळा शेंडेफळ, हा क्रम कायम राहिला. डोळ्याच्या स्वभावावरूनच तो ठरवलेला आहे. आता गुणाकार करा. लुगडं येतं ८३. तरवा येतो ८४.

दोनशे छप्पन्न पायऱ्यांमधली एक पायरी! कॉन्ट्रास्ट का उपयोगी पडला नाही तेही इथेच कळतं. कॉन्ट्रास्ट वाढवणं म्हणजे दोन छटांमधलं अंतर ताणणं. मुळात अंतरच नसेल तर ताणणार काय?

आपले डोळे रंगाने वस्तू वेगळ्या करतात आणि आपल्या नकळत करतात. जांभ्या दगडाच्या गडग्यावर चढलेलं हिरवं शेवाळ, झाडीपुढे फडकणारा भगवा, हिरव्या काठाची लाल साडी, या सगळ्या जोड्या रंगीत फोटोत खणखणीत दिसतात आणि कृष्णधवलमध्ये दगा देऊ शकतात. त्यांचा रंग वेगळा असतो, उजळपणा मात्र जवळजवळ सारखा.

फोटोशॉपमधलं 'डीसॅच्युरेट' हे आणखी वेगळं सूत्र लावतं: तीन आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा घ्यायचा, त्यांची सरासरी काढायची. त्यात लुगडं ११० आणि तरवा ७० येतो. म्हणजे आत्या दिसली. पण हे सूत्र शुद्ध लाल, शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या तिघांनाही अगदी एकच करडा देतं. पिवळाधमक आणि निळाशार एकाच छटेत! सांगायचा मुद्दा, की 'रंग काढून टाका' या हुकमाला एकच एक उत्तर नसतं. तुम्ही निवडलं नाही तर सॉफ्टवेअर निवडतं.

मग निवडायचं कसं

फक्त लाल चॅनल घेतला तर लुगडं १८०, तरवा ७०. लुगडं झळाळतं, शेत गडद होतं. फक्त हिरवा घेतला तर लुगडं ४०, तरवा १००. बरोबर उलटं. निळ्यात ५० आणि ४०, म्हणजे पुन्हा दोन्ही एकमेकांत मिसळलेले.

लाल चॅनल पहिल्यांदा बघितला तेव्हा मी खूश झालो. उजळ आकृती, गडद पार्श्वभूमी, पुस्तकात दाखवतात तसं. दुसऱ्या दिवशी बघितलं आणि लक्षात आलं, की आत्याने पांढरं लुगडं नेसलं आहे असं वाटतंय. आपल्याकडे पांढऱ्या लुगड्याचा जो अर्थ होतो तो कुणाला सांगायला नको, आणि आतोबा तर शेजारच्याच खाचरात पॉवर टिलर धरून उभे होते. ही चूक कुठलंही सॉफ्टवेअर दाखवून देणार नाही. लाल रंग आपल्या मनात 'भरलेला', 'जड' असतो, तेव्हा तो गडद आलेलाच बरा.

म्हणून मी उलट्या बाजूने गेलो. 'चॅनल मिक्सर' नावाचं साधन घ्यायचं, त्यात 'मोनोक्रोम'वर खूण करायची आणि तिघांचे वाटे आपण ठरवायचे. मी लाल १० टक्के, हिरवा ८०, निळा १० ठेवला. लुगडं आलं ५५, तरवा ९१. आत्याच्या हाताचा सावळा रंग, लाल १५०, हिरवा १०५, निळा ८०, 'ग्रेस्केल'मध्ये ११६ येत होता तो १०७ वर आला, म्हणजे फारसा हलला नाही. गडद लुगडं, त्याहून उजळ तरवा, त्याहून उजळ हात आणि चेहरा. फोटो पायऱ्यांनी उलगडायला लागला. वाट्यांची बेरीज शंभराच्या आसपास ठेवायची एवढं पथ्य पाळा, नाहीतर सगळा फोटोच उजळ किंवा काळा होत जातो.

लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरी पद्धत आहे. तिथे लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा असे आठ रंगांचे स्लायडर मिळतात आणि प्रत्येक स्लायडर फक्त त्या रंगाच्या भागाला उजळ-गडद करतो. हे जास्त सोयीचं, पण दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, वस्तूचा रंग आपण म्हणतो तो नसतो. तरवा, गवत, झाडी यांचा हिरवा निम्मा पिवळ्याकडे झुकलेला असतो, म्हणून 'हिरवा' स्लायडर ओढून पानं हलेनाशी झाली की 'पिवळा' ओढून बघा. भारतीय त्वचा जवळजवळ सगळी 'नारिंगी'त असते. दुसरी, हे स्लायडर टोकाला नेले की जिथे दोन रंग भेटतात त्या कडा फाटतात. डोंगराच्या माथ्यावर पांढरी रेघ उमटते, आभाळात पट्टे पडतात. चॅनल मिक्सर बोथट, पण कडा सांभाळतो. मी आधी मिक्सरने मोठी दिशा ठरवतो आणि स्लायडर चवीपुरते वापरतो.

पैसे खर्च करायचे नसतील तर जिंपमध्ये 'मोनो मिक्सर' आहे, डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअरंही फुकट आहेत. फोनवर स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइटखाली लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे फिल्टर मिळतात. त्यांच्या मागेही हेच गणित आहे.

आभाळाची गोष्ट

एकोणिसाव्या शतकातले जुने फोटो बघा, मुंबईचे असोत की पॅरिसचे. आभाळ बहुतेक कोरं पांढरं. तेव्हा ढग नव्हते असं नाही. त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला निळा उजेड तेवढा कळायचा, त्यामुळे आभाळ जळून जायचं. फ्रान्समधले छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५०च्या दशकात समुद्राच्या फोटोंसाठी दोन निगेटिव्ह जोडायला सुरुवात केली, एक पाण्याची आणि एक आभाळाची. १८७३ साली जर्मनीत हेर्मान फोगेल या रसायनशास्त्रज्ञांना सापडलं की रसायनात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर त्याला हिरवाही दिसू लागतो. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आली. तिला लाल दिसायचा नाही. तसली फिल्म घेऊन कोणी आमच्या बांधावर उभा राहिला असता तर आत्याचं लुगडं सरळ काळं आलं असतं. सगळे रंग दिसणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म नंतरची.

ती आली आणि लेन्सपुढे रंगीत काच लावण्याला अर्थ आला. नियम सोपा: काच आपल्या रंगाला उजळ करते आणि विरुद्ध रंगाला गडद. १९२७ साली छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी अमेरिकेतल्या योसेमिटीमध्ये हाफ डोम नावाच्या कड्याचा फोटो आधी पिवळ्या फिल्टरने घेतला. आभाळ आपल्या मनातल्यापेक्षा फिकं येणार हे लक्षात आल्यावर दुसरा गडद लाल फिल्टर लावून घेतला. तो दुसरा फोटो प्रसिद्ध झाला. त्यातलं दिवसाढवळ्याचं आभाळ जवळजवळ काळं आहे.

आज तेच काम निळा स्लायडर खाली ओढून होतं. हाव मात्र नको. निळ्या चॅनलमध्ये सहसा सगळ्यात जास्त खरखर, म्हणजे नॉइज, असतो, आणि आभाळ फार खाली ओढलं की तो वाळूसारखा वर येतो.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी यातला एक फायद्याचा भाग आहे. दूरच्या डोंगररांगांवर जो धूसर पडदा दिसतो तो निळसर असतो, कारण हवा निळा उजेड जास्त विखुरते. लाल चॅनलकडे झुकलात की पडदा विरळ होतो आणि लांबच्या कड्याच्या घळी दिसायला लागतात. निळ्याकडे झुकलात की एकामागे एक रांगा फिकट होत जातात, शाईत पाणी मिसळत नेल्यासारख्या. महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवरून घेतलेल्या एकाच फाइलीतून हे दोन्ही फोटो निघू शकतात.

मग डिजिटल कॅमेऱ्यावर खरी लाल काच लावावी का? माझं मत: नाही. लाल काच लावली की हिरव्या आणि निळ्या टिकल्यांखालचे खळगे जवळपास उपाशी राहतात, म्हणजे सेन्सरच्या पाऊण भागाला नीट उजेड मिळत नाही. तेच काम नंतर फाइलीत जास्त चांगलं होतं. पोलरायझर या चमक कापणाऱ्या फिल्टरची गोष्ट निराळी. ओल्या पानांवरची, पाण्यावरची चमक तो जागेवरच कापतो, आणि ती नंतर कुठल्याही स्लायडरने जात नाही. सूर्याला काटकोनात असलेलं आभाळही त्याने सगळ्यात जास्त गडद होतं. पावसाळ्यात मी पोलरायझर काढतच नाही.

टिकल्याच नसलेले कॅमेरेही मिळतात. लायकाने २०१२ साली एम मोनोक्रोम काढला, पेंटॅक्सने २०२३ साली के-३ मार्क थ्रीची मोनोक्रोम आवृत्ती आणली. प्रत्येक खळग्याला पूर्ण उजेड मिळतो, अंदाजाने भरणं नाही, त्यामुळे बारकावे जास्त आणि खरखर कमी. पण लाल आणि हिरवा वेगळा करायची सोय फोटो घेतल्यावर उरत नाही. तिथे मात्र काचेचे फिल्टर लागतातच. आत्याचा फोटो मी असल्या कॅमेऱ्याने घेतला असता तर काहीच वाचवता आलं नसतं.

रॉ ठेवा, कारण सांगतो

'रॉमध्ये फोटो काढा', म्हणजे सेन्सरने मोजलेलं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलीत काढा, हे जो तो सांगतो, का ते क्वचितच कोणी सांगतं. जेपेग या नेहमीच्या, जागा वाचवणाऱ्या फाइलीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. रंगीत फोटोत तीन रंग एकमेकांची उणीव झाकतात. कृष्णधवल जेपेगमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकूण २५६ पायऱ्या, बस्स. त्यातला गडद भाग ओढून उजळ केला की मधल्या पायऱ्या गायब होतात आणि आभाळात पट्टे दिसतात. चौदा बिटच्या रॉ फाइलीत पायऱ्या असतात १६,३८४.

जेपेगची दुसरी खोड जास्त छुपी आहे. जागा वाचवायला तो उजळपणाची माहिती पूर्ण ठेवतो, पण रंगाची माहिती बऱ्याचदा निम्म्या किंवा पाव बारकाव्यानेच साठवतो. रंगीत फोटोत डोळ्याला ते कळत नाही. पण आपण तर रंगाच्याच आधारावर उजेड-अंधार ठरवणार आहोत! स्लायडर जोरात ओढला की कडांवर चौकोनी ठिगळं दिसायला लागतात ती याच कारणाने. त्यामुळे जेपेगच हातात असेल तर स्लायडर हलक्या हाताने.

कॅमेऱ्यात दोन्ही ठेवा: फाइल रॉ आणि दाखवायची शैली मोनोक्रोम. बहुतेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत ही शैली असते. पडद्यावर कृष्णधवल दिसतं, रॉमध्ये सगळे रंग सुखरूप राहतात. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायचा छोटा पडदा, असेल तर फोटो काढण्याआधीच जग करडं दिसतं, आणि त्याची सवय लागते. ही सवय आधी असती तर बांधावरच मला कळलं असतं, की दोन पावलं डावीकडे सरकलो तर आत्याच्या मागे उजळ पाणी येतंय.

एक्स्पोजरबद्दल, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा याबद्दल, एक उलटसुलट गोष्ट आहे. निगेटिव्ह फिल्मच्या दिवसांत काळ्या भागाकडे बघून उजेड मोजायचा आणि पांढरा भाग डेव्हलप करताना सांभाळायचा असा धडा होता. डिजिटलमध्ये पांढरा भाग एकदा जळला की तिथे काहीच उरत नाही. म्हणून पांढऱ्याला जपा, काळं नंतर उजळता येतं. पण जपायचं म्हणून फोटो उगाच काळोखाही घेऊ नका. सेन्सर उजेड सरळ मोजत जातो, त्यामुळे १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२, एकट्या सगळ्यात उजळ स्टॉपमध्ये असतात (उजेड निम्मा झाला की एक स्टॉप खाली). पुढच्या स्टॉपमध्ये ४,०९६, त्यापुढे २,०४८. सहाव्यात पोहोचेपर्यंत २५६ उरतात. म्हणजे पांढरा जळणार नाही इतपत, पण त्याच्या जवळ जाऊन फोटो घ्यायचा.

वारीचे फोटो काढणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत असतं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, पांढरा सदरा, सगळी चौकट पांढऱ्याने भरलेली. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर कशालाही मध्यम करडा समजतो, त्यामुळे तो धोतर करडं करून ठेवतो. एक ते दीड स्टॉप वाढवावा लागतो. पण दुपारच्या उन्हात तेवढाच वाढवला की टोपीचा विणकामासकट चुराडा. म्हणून मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या छटेचा भाग किती ते दाखवणारा आलेख, बघायचा, आणि तिन्ही रंगांचा वेगवेगळा दिसत असेल तर तोच. भगव्या पताकेचा लाल चॅनल एकटाच जळालेला असतो, आणि एकत्रित आलेखात ते कळतही नाही.

तेच ॲडम्स आणि दुसरे छायाचित्रकार फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा घरं पाडली होती, शून्य ते दहा. बटण दाबण्याआधी ठरवायचं, समोरची कुठली वस्तू कुठल्या घरात बसवायची. हे घरांचं गणित फिल्मसाठी होतं, पण विचार अजून कामाचा आहे. आत्याचं लुगडं तिसऱ्या घरात, तरवा पाचव्याच्या अलीकडे, हात पाचव्यात आणि हातातल्या तरव्याच्या मुठीवरचं पाणी आठव्यात. एवढं मनात पक्कं असेल तर स्लायडरशी खेळत रात्र जात नाही.

चेहरा

त्वचा लाल चॅनलमध्ये उजळ आणि गुळगुळीत दिसते. डाग, मुरमं, सुरकुत्या बऱ्याचशा लालसर-तपकिरी असतात, म्हणून त्या विरून जातात. निळ्या चॅनलमध्ये तोच चेहरा गडद होतो आणि एकेक रेघ कोरल्यासारखी दिसते. कष्टाने रापलेल्या म्हाताऱ्या चेहऱ्यांचे फोटो काढणारे बरेच जण निळ्या-हिरव्याकडे झुकतात ते यासाठी.

इथे एक मोह आहे, आणि आपल्याकडे तो जुना आहे. लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो काढताना स्टुडिओवाल्याला 'जरा उजळ करा' म्हणायची रीत होती, अजूनही आहे. नारिंगी स्लायडर उजवीकडे ओढला की एका सेकंदात माणूस गोरा होतो. मी तो ओढत नाही. सावळ्या त्वचेवर उजेड फार सुंदर बसतो. कपाळावर, गालाच्या हाडावर जी चमक येते ती त्वचा गडद असते म्हणूनच उठून दिसते. पिठासारखा पांढरा केलेला चेहरा सपाट होतो आणि शेजारच्या लोकांशी जुळतही नाही.

डार्करूममधलं उरलेलं काम

रंगांचे वाटे ठरले की निम्मं काम झालं. राहिलेलं निम्मं हातानं करायचं. पूर्वी एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, कागदाच्या एखाद्या भागावर हाताची सावली धरायचे, म्हणजे तो उजळ राहायचा. दुसरीकडे जास्त वेळ उजेड द्यायचे, तो गडद व्हायचा. डॉज आणि बर्न हे शब्द तिथूनच आले. आता ब्रशने करतात. माझी पद्धत अशी: चेहरा आणि हात अगदी थोडे उजळ, चारही कोपरे अगदी थोडे गडद, आणि लुगड्याच्या घड्यांपैकी दोन-तीन घड्या उचलून घेतलेल्या. कोणी फोटो बघून 'इथे ब्रश फिरवलाय' म्हणालं तर प्रमाण चुकलं.

सॉफ्टवेअरमध्ये छटा उजळ-गडद करणारी जी रेघ असते, त्या 'कर्व्ह'ला किंचित इंग्रजी 'एस'चा बाक दिला की मधल्या छटांना जीव येतो. प्रत्येक फोटोत कुठेतरी पूर्ण काळं आणि कुठेतरी पूर्ण पांढरं असलंच पाहिजे असं काही जण ठासून सांगतात. मला ते पटत नाही. आंबोलीच्या धुक्यात काळंकुट्ट काही नसतंच, ते जबरदस्तीने आणलं तर धुकं मरतं.

खरखरीबद्दल थोडक्यात. रंगीत नॉइज आधी काढा, मग कृष्णधवल करा, कारण लाल-हिरवे ठिपके वाटे बदलले की डागांसारखे उमटतात. उरलेली साधी खरखर फिल्मच्या दाण्यासारखी दिसते, ती राहू द्या.

कागदावर

पडद्यावर फोटो मागून उजळलेला असतो, कागदावर तो खोलीतल्या उजेडावर जगतो. त्यामुळे पहिला प्रिंट अपेक्षेपेक्षा काळा येतो, जवळपास दर वेळी. मॉनिटरचा उजेड कमी करून काम करा, आणि मोठा प्रिंट काढण्याआधी चार बाय सहाच्या आकारात तीन वेगवेगळ्या उजळपणाचे नमुने काढून बघा. शंभर रुपयांच्या आत होणारी ही खटपट पुढचा बराच मनस्ताप वाचवते.

माझा पहिला मोठा प्रिंट एका लॅबमधून हिरवट झाक घेऊन आला. लॅबचा फार दोष नव्हता. रंगीत फोटोच्या कागदात तीन रंगांचे थर असतात आणि तिन्ही अचूक जुळले तरच करडा निखळ येतो. एक थर जरा पुढे-मागे झाला, की रंगीत फोटोत खपून जाणारी झाक इथे लगेच डोळ्यात भरते. शिवाय ट्यूबलाइटखाली एक झाक आणि दिवसाच्या उजेडात दुसरी. यावर उपाय म्हणजे ज्या इंकजेट प्रिंटरमध्ये काळ्यासोबत दोन-तीन करड्या शाया असतात त्यावर प्रिंट काढून घेणं. महाग पडतं, पण फरक कुणालाही दिसतो. कागद मॅट घेतला तर काळा रंग तितका खोल जात नाही, चकचकीत घेतला तर जातो पण समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. आमच्या गावच्या ओटीवर दिवसभर समोरून उजेड येतो, म्हणून मी मॅट घेतला आणि सावल्या मुद्दाम थोड्या उघड्या ठेवल्या.

गणपतीला गावी गेलो तेव्हा फ्रेम करून नेला. आत्याने पदराला हात पुसून तो हातात घेतला, उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितला. आधी तरवा ओळखला, मग मागचा बांध, मग स्वतःला. आतोबांना हाक मारून दाखवला.

"छान आलाय रे," ती म्हणाली. "आता एक रंगीत पण काढून दे."